‘सिझरचं बाळ ना, मग ॲलर्जी असणारच!’ : एका वाक्याचा इतिहास

हे आजच्या भागाचं लिखित रूप. भाईंदर खाडीच्या पुलावर नेटवर्क गेलं आणि माझा आवाज तुटायला लागला, की इथे येऊन वाचा.

गेल्या महिन्यात मी भाईंदर पश्चिमेला ताईकडे गेलो होतो. भाची सात महिन्यांची झालीय. तिच्या दोन्ही गालांवर लाल, खरखरीत चट्टे आलेत. डॉक्टर म्हणाले, इसब आहे, बाळांना होतो, क्रीम लावा आणि त्वचा कोरडी पडू देऊ नका. विषय तिथेच संपला होता. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, गाल निरखले आणि म्हणाल्या, "अगं, सिझरचं बाळ ना? मग ॲलर्जी असणारच!"

काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. जाताना त्यांनी बाळाची दृष्टही काढली. पण त्या गेल्यावर ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू लोकांना कसले कसले इतिहास सांगत असतोस ना? मग मला एवढं शोधून सांग. मी अजून थोड्या कळा सोसल्या असत्या, तर हिला हे झालं नसतं का?"

आजचा भाग त्या प्रश्नासाठी. काकूंचं वाक्य त्यांनी मनाने रचलेलं नाही. त्याच्यामागे खरं संशोधन आहे आणि दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातलं किती खरं, किती अर्धवट, ते बघूया.

कल्याणची चौदा वर्षांची आई

सुरुवात आपल्याच ठाणे जिल्ह्यातून करू. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती आनंदी जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि ते बाळ दहा दिवसांत गेलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आनंदीबाई अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पण त्यांच्या प्रबंधाचा विषय काय होता, हे फारसं कुणी सांगत नाही. विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. स्वतःचं बाळ गमावलेल्या मुलीने हजारो मैल लांब जाऊन बाळंतपणाचाच अभ्यास केला. परत आल्यावर मात्र २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात त्यांचं निधन झालं. तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

त्या काळातलं बाळंतपण म्हणजे घरातली कोपऱ्यातली खोली, शेगडी, धुरी आणि सुईण. सुईणीचा अनुभव दांडगा असायचा. शेकडो बाळंतपणं तिने हातावेगळी केलेली असायची. पण मूल आडवं आलं, वार अडकली किंवा रक्त थांबेना, तर तिच्याकडेही फारसा इलाज नसे. नाळ घरातल्याच एखाद्या धारदार वस्तूने कापली जायची. त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा आणि पहिल्या काही दिवसांतच बाळ आखडून जायचं. नवजात बाळांचा आणि बाळंतिणींचा धनुर्वात भारतातून हटल्याचं शिक्कामोर्तब व्हायला २०१५ साल उजाडलं. म्हणजे फार लांबची गोष्ट नाही.

आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्याच १८८६ साली मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. तिथे एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर मुख्य होत्या. पुढे डॉ. रखमाबाईंनीही तिथे काम केलं. बाळंतपण घरातून दवाखान्यात जायची सुरुवात साधारण इथून. पण सामान्य घरातल्या बाईपर्यंत ते पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

पोट फाडण्याचं ‘सिझर’ कसं झालं

ज्युलियस सीझर पोट फाडून जन्मला म्हणून या ऑपरेशनला सिझेरियन म्हणतात, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खरी वाटत नाही, कारण सीझरची आई ऑरेलिया तो मोठा होईपर्यंत जिवंत होती. आणि त्या काळी पोट फाडल्यावर आई वाचत नसे. बहुतेक वेळा आई गेल्यावर, निदान मूल तरी हाती लागावं म्हणून हा प्रकार केला जायचा.

यातला मोठा बदल १८८२ मध्ये झाला. माक्स झेंगर या जर्मन डॉक्टरने गर्भाशयाला नीट टाके घालायची पद्धत मांडली. त्याआधी पोट शिवायचे, पण गर्भाशयाला टाके घालायची गरज नाही असं बरेच डॉक्टर मानायचे आणि बायका रक्तस्रावाने जायच्या. पुढे चांगली भूल आली, पोटाच्या खालच्या भागात आडवा छेद घेणं सुरू झालं, रक्तपेढ्या आल्या, अँटिबायोटिक्स आली. जे ऑपरेशन म्हणजे मरण होतं, ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जीव वाचवणारं झालं. २०२० मध्ये महाराष्ट्रात हजारी १६ बाळं पहिल्या वर्षात दगावत होती. देशाचा तेव्हाचा आकडा २८ आहे. या सुधारणेत लसी, पाणी, पोषण या सगळ्यांचा वाटा आहे. पण वेळेवर झालेल्या सिझरचाही आहे.

मिठागरांच्या गावात नर्सिंग होम

आता मिरा-भाईंदरला येऊ. आज जिथे टॉवर आहेत, तिथे बरीच मिठागरं आणि भातशेती होती. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे ही मूळ गावं. वस्ती कोळी, आगरी आणि ख्रिस्ती. १९८५ मध्ये नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाख लोक होते, २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास आणि २०११ मध्ये आठ लाखांवर. वीस वर्षांत साडेचार पट!

मुंबईत घर परवडेना म्हणून आलेली ही तरुण जोडपी. साहजिकच शहरात बाळंतपणं भरपूर. बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर नर्सिंग होम, खाली मेडिकल, बाजूला बाळाच्या कपड्यांचं दुकान हे दृश्य मी लहानपणापासून बघतोय. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कोकणात किंवा घाटावर व्हायचं. हळूहळू आईच तिकडून डिंकाचे लाडू घेऊन इकडे यायला लागली, कारण ‘तिकडे काही झालं तर डॉक्टर कुठे शोधायचा?’ ही भीती.

राज्याचे आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातली साधारण ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण जवळजवळ ९५ टक्क्यांवर गेलं. आनंदीबाईंना याचा आनंदच झाला असता.

पण त्याच सर्वेक्षणात दुसरा आकडाही वाढतोय. भारतात सिझरचं प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झालं. महाराष्ट्रात २५.४ टक्के, म्हणजे चारातलं एक बाळ सिझरचं. आता खरा फरक बघा. देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. खासगीत जाणाऱ्या बायकांचं शरीर वेगळं असतं का? अर्थातच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के ही मर्यादा सुचवली होती. २०१५ मध्ये ती पुन्हा म्हणाली, की लोकसंख्येचा विचार केला तर प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने आई-बाळाचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. म्हणजे वरच्या सिझरपैकी काही वैद्यकीय गरजेपोटी झालेली नाहीत. त्यात सोय आहे, बिल आहे, घाई आहे, कळांची भीती आहे आणि हो, मुहूर्तही आहे.

शिंकांचा इतिहास

आता दुसरा धागा, ॲलर्जीचा. हा शब्दच मुळात नवा आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ मध्ये बनवला. शरीर एखाद्या गोष्टीला नेहमीपेक्षा वेगळी प्रतिक्रिया देतं, असा त्याचा अर्थ. विसाव्या शतकात श्रीमंत देशांमध्ये शिंका, दमा, इसब वाढत गेले आणि डॉक्टर बुचकळ्यात पडले. स्वच्छता वाढली, लसी आल्या, मुलं जगायला लागली, मग हेच का वाढतंय?

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने एक छोटा लेख लिहिला. मार्च १९५८ मध्ये जन्मलेल्या १७ हजारांवर ब्रिटिश मुलांची माहिती त्याच्याकडे होती. त्याला दिसलं, की ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांची ॲलर्जी कमी. त्याचा तर्क असा, की मोठी भावंडं शाळेतून सर्दी-खोकला घेऊन येतात, धाकट्याला लहानपणीच जंतूंची ओळख होते आणि शरीर शहाणं होतं. हाच तो प्रसिद्ध ‘स्वच्छता सिद्धांत’.

त्याच सुमारास बर्लिनची भिंत पडली. एरिका फॉन म्युटिअस यांनी पूर्व आणि पश्चिम जर्मनीतली मुलं तपासली. पूर्वेकडे कोळशाचा धूर, प्रदूषण जास्त, म्हणून ॲलर्जीही तिकडेच जास्त असणार असं वाटत होतं. निघालं उलटं. पश्चिमेकडच्या मुलांत दमा आणि ॲलर्जी जास्त.

मग १९९८ मध्ये एक प्रचंड मोठा अभ्यास छापून आला. ५६ देश, १५५ केंद्रं आणि साडेचार लाखांवर शाळकरी मुलं. भारतातल्या केंद्रांत अकोला होतं, पुणे होतं, मुंबई होती आणि चक्क बोरिवली होतं. भाईंदरहून तीन स्टेशनं! ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यादीत सगळ्यात वर, तर भारत खालच्या गटात. पण खालच्या गटात म्हणजे शून्य नव्हे. दम लागणारी, छातीत घरघर होणारी मुलं आपल्याकडेही होतीच.

दोन धागे एकत्र येतात

२०१० मध्ये बाळंतपण आणि ॲलर्जी या दोन धाग्यांची गाठ पडली. मारिया ग्लोरिया डोमिंग्वेझ-बेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलात ९ आया आणि त्यांची १० नवजात बाळं तपासली. नॉर्मल झालेल्या बाळांच्या अंगावर आईच्या योनीमार्गातल्यासारखे जिवाणू होते. सिझरच्या बाळांवर होते त्वचेवरचे. बाळाची जंतूंशी पहिली ओळख जन्माच्या वाटेवर होते आणि सिझरमध्ये ती वाटच बदलते, हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ५९६ बाळांच्या अभ्यासातही दिसलं, की सिझरच्या बाळांच्या आतड्यात काही उपयोगी जिवाणू कमी आणि दवाखान्यात सापडणारे जिवाणू जास्त.

त्याआधीच, २००८ मध्ये, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आला होता. सिझरच्या मुलांना दमा होण्याची शक्यता साधारण २० टक्क्यांनी जास्त.

काकूंचं वाक्य इथून निघालं. ‘२० टक्के जास्त’ ही बातमी झाली, बातमीचा फॉरवर्ड झाला आणि फॉरवर्डचं ‘असणारच’ झालं.

आता हे २० टक्के म्हणजे नक्की किती? समजा, नॉर्मल झालेल्या १०० मुलांपैकी १० जणांना दमा होतो. मग सिझरच्या १०० पैकी १२ जणांना होईल. उरलेल्या ८८ जणांना होणार नाही. हा फरक दुर्लक्ष करावा इतका लहान नाही, कारण देशात लाखो सिझर होतात. पण एका बाळाकडे बोट दाखवून ‘असणारच’ म्हणावं, असाही तो नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. त्याच वर्षीच्या अशाच दुसऱ्या एकत्रित अभ्यासात शिंका, दमा आणि खाण्याची ॲलर्जी यांचा सिझरशी थोडा संबंध दिसला, पण इसबाशी जवळजवळ काहीच नाही. भाचीच्या गालावर काय आहे? इसब.

भावंडांनी गोष्ट अवघड केली

पुढचा प्रश्न असा, की हा फरक सिझरमुळेच पडतो का? ज्या आईला स्वतःला दमा आहे, तिचं सिझर होण्याची शक्यता जास्त असते आणि तिच्या मुलाला दमा होण्याचीही. मग दोष सिझरचा की आनुवंशिकतेचा? शिवाय सिझरच्या आधी आईला अँटिबायोटिक देतात, अंगावरचं दूध अनेकदा उशिरा सुरू होतं, काही बाळं दिवस भरायच्या आधीची असतात. हे सगळं एकत्र येतं.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक छान उपाय केला. त्यांनी सख्खी भावंडंच एकमेकांशी ताडून पाहिली. आई तीच, घर तेच, एक मूल नॉर्मल, दुसरं सिझर. तेव्हा ठरवून केलेल्या सिझरचा दम्याशी दिसणारा संबंध नाहीसा झाला. आयत्या वेळी करावं लागलेल्या सिझरमध्ये मात्र तो थोडा उरला.

गंमत बघा. आयत्या वेळच्या सिझरमध्ये बहुतेकदा कळा सुरू झालेल्या असतात, पाणमोट फुटलेली असते, म्हणजे बाळाला आईचे जिवाणू थोडेफार मिळालेले असतात. सगळा खेळ जन्मवाटेच्या जिवाणूंचा असता, तर निकाल उलटा यायला हवा होता. म्हणजे इथे आणखी काहीतरी आहे. कदाचित ज्या अडचणीमुळे सिझर करावं लागलं, तीच.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला दोन हजारांवर बाळांची डॉक्टरांसमोर पदार्थ खाऊ घालून तपासणी झाली. खाण्याची ॲलर्जी सिझरच्या बाळांत १२.७ टक्के, नॉर्मलच्या बाळांत १३.२ टक्के. फरक नाहीच. आणि कोपनहेगनच्या ७०० मुलांच्या अभ्यासात दिसलं, की सिझरच्या ज्या बाळांच्या आतड्यातले जिवाणू वर्षभरात इतरांसारखे झाले, त्यांना दम्याचा जास्तीचा धोका दिसला नाही. धोका दिसला तो ज्यांचे तसे झाले नाहीत त्यांना. म्हणजे जन्माच्या दिवशी सगळं ठरून जात नाही. पुढचं वर्षही मोजायचं असतं.

तर मग ताईला काय सांगितलं?

ताईचं सिझर ठरवून झालेलं नव्हतं. बारा तास कळा दिल्यावर बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि रात्री दोन वाजता तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. म्हणजे स्वीडनच्या अभ्यासात थोडा धोका उरलेल्या गटातली ती. हे मी तिच्यापासून लपवलं नाही. पण तिला विचारलं, "त्या रात्री तुझ्यासमोर दुसरा पर्याय कोणता होता?" नॉर्मल बाळंतपण हा पर्याय दोन वाजता उरलेलाच नव्हता. दुसरा पर्याय होता कल्याणच्या त्या चौदा वर्षांच्या आईचा. अजून थोड्या कळा सोसल्या असत्या, तर गालावर चट्टे आलेले हे बाळ कदाचित मांडीवरच नसतं.

याचा अर्थ सिझर कितीही वाढली तरी चालतील असा नाही. दिवस पूर्ण भरायच्या आत, कळा यायच्या आधीच बाळ काढलं, तर त्याला श्वासाचा त्रास जास्त होतो, कारण फुप्फुसातलं पाणी कमी व्हायला कळांची मदत होते. म्हणून मुहूर्त बघून तारीख ठरवण्याआधी ३९ आठवडे झालेत का, हे विचारायलाच हवं. पण प्रश्न कुणाला विचारायचा, हे महत्त्वाचं आहे. २०१७ मध्ये मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी एक ऑनलाइन याचिका सुरू केली. मागणी साधी होती. प्रत्येक हॉस्पिटलने आपल्याकडे किती सिझर होतात ते जाहीर करावं. लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मला ही दिशा बरोबर वाटते. ‘तुमच्याकडे शंभरात किती?’ हा प्रश्न हॉस्पिटलला विचारा. ओल्या बाळंतिणीला ‘तू सिझर का केलंस?’ असं विचारू नका.

आणि बाळासाठी? जिवाणू मिळावेत म्हणून घरच्या घरी काही उद्योग करू नका. योनीमार्गातलं पाणी बाळाला पुसायची एक टूम आली होती, पण ते संशोधनाबाहेर करू नये असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच सांगितलंय. आईचं दूध लवकरात लवकर, अँटिबायोटिक फक्त डॉक्टरांनी दिलं तरच, घरात सिगारेट, डासांची कॉइल, धूप यांचा धूर नको. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना बुरशी येते, तिचा बंदोबस्त करा. वरचं खाणं सुरू करताना अंडं, शेंगदाणा यांना घाबरून ते लांबणीवर टाकू नका. मात्र इसब जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बाळाला धाप लागली, तर पॉडकास्ट बंद करून थेट दवाखाना गाठा.

परवा पुन्हा ताईकडे गेलो होतो. गाल बरेच निवळलेत. काकूही आल्या होत्या. बाळाकडे बघून म्हणाल्या, "बघ, दृष्ट काढली म्हणून उतरलं." ताई हसली. आता तिच्याकडे उत्तर होतं, पण तिने ते दिलं नाही. काकूंना चहा दिला आणि मला म्हणाली, "तू तुझ्या भागात सांग."

सांगितलं. तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये कुणी असं वाक्य ऐकून गप्प बसलेली आई असेल, तर तिला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!